पासंग

मार्चचा पहिला शनिवार. हॅनकॉकमध्ये अजून कमरेइतका बर्फ.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडी,
पहिल्या पानावर आर्नेच्या अक्षरात, शाईनं:
शेअर पंचावन्न, रोखे पस्तीस, रोकड दहा.
त्याखाली एक ओळ:
व्हिएनो, घाबरलीस तरी हेच. हुरळलीस तरी हेच.

दरवर्षी याच दिवशी तो आकडे वाचायचा
आणि वजाबाकी माझ्याकडे.
सहकारी दुकानात एकतीस वर्षं
तागडीपाशी उभी होते मी. खिळे, कॉफी, राईचं पीठ.
डाव्या पारड्याखाली मेणानं चिकटवलेलं
एक सेंटचं नाणं होतं, पासंगाला.
गिऱ्हाइकांना ते ठाऊक होतं,
कुणी कधी हटकलं नाही.

यंदा वजाबाकीही माझी आणि वाचणंही.
शेअर एक्केचाळीसवर आलेत.
रोखे बावन्न, काही न करता फुगलेले,
शेजारी खंगला की आपण धष्टपुष्ट दिसतो तसे.
रोकड सात.
तीन कुठे गेले ते मला माहीत आहे:
पेटी, दगड, दगडावरची अक्षरं,
आणि चर्चच्या तळघरातली कॉफी, सव्वाशे माणसांची.

मिलवॉकीहून एरोचा फोन.
आई, सगळं काढून घे. अजून पडणार आहे.
वही म्हणते, पडलंय ते विकत घे.
दोघांचाही आवाज एकच,
बापलेकांचा असतो तसा.

माझ्या वडलांनी सगळं तांब्याच्या खाणीत घातलं.
ते शेअर मी रोज वाचत मोठी झाले.
सौनाबाहेर कपडे बदलायच्या खोलीत
भिंतीच्या फटीतून वारा यायचा म्हणून
त्यांनी ते खळीनं चिकटवले होते.
हिरवी महिरप, मधोमध फावडं घेतलेला माणूस.
वाफेनं त्याचं तोंड आधी गेलं, मग फावडं.
आई त्यानंतर बँकेची पायरी चढली नाही.
कॉफीच्या डब्यात नोटा, पिठाच्या कोठीत डबा.
तिच्या नोटा शेवटपर्यंत कोऱ्या राहिल्या.
तेवढ्यात आधी गाय यायची,
ती गेली तेव्हा गायीची दोरी आली असती.

मी वही मिटली आणि फावडं घेऊन वर चढले.
या वयात चढू नये, म्हणतात. म्हणोत.
छपराचा बर्फ एका अंगाचा काढायचा नसतो.
थोडा इकडचा, मग शिडी फिरवून थोडा तिकडचा,
आणि सगळा तर मुळीच नाही, खालचा थर घराला ऊब देतो.
मॅटिलांनी उन्हाकडची बाजू लख्ख केली होती त्या वर्षी.
रात्री दोन वाजता त्यांची गोठ्यावरची तुळई मोडली,
आमच्या खिडकीच्या काचा वाजल्या.

उजवीकडचा अर्धा झाला तेव्हा सुचलं.
पंचावन्न हा दोघांचा आकडा होता.
एकजण घाबरला तर दुसऱ्यानं टेबलाची कड धरायची,
त्या हिशेबानं मांडलेला.

खाली येऊन पेन्सिल घेतली. त्याची शाई तशीच ठेवली,
शेजारी लिहिलं: पंचेचाळीस, चाळीस, पंधरा.
म्हणजे रोख्यांतले बारा मोडायचे,
चार शेअरना, आठ रोकडीला.
आर्ने चिडला असता. चारच?
चारच. हात कापत होता, आणि तो फक्त थंडीनं नव्हे.

सोमवारी फोनवरच्या मुलीनं दोनदा विचारलं,
बाई, या भावात शेअर? विकायचेत ना?
नाही म्हटलं, घ्यायचेत. थोडेच.
तिनं कळा दाबल्या. मला वाटलं होतं काहीतरी आवाज होईल,
पारडं टेकल्याचा वगैरे.

मग दार वाजलं.
रस्त्यावरचा बर्फ ओढणारा नीमींचा पोरगा,
चाळीस डॉलर, रोख, तो चेक घेत नाही.
मी पिठाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला.
हा डबा वहीत नाही.
आर्नेलाही माहीत नव्हता,
किंवा माहीत होता
आणि त्यानं कधी हटकलं नाही.